लेअर मास्क : खोडू नका, झाकून ठेवा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी लेअर मास्क स्क्रीनवर करून दाखवलाय. पण व्हिडिओत हात भराभर चालतो आणि ‘असं का करायचं’ हे सांगायचं राहून जातं. म्हणून हा लेख. तुम्ही फोटो-प्रिंटचं, मग-टीशर्टचं, फ्लेक्सचं दुकान टाकायचा विचार करत असाल, किंवा स्वतःच्या साड्या, दागिने, मसाले ऑनलाइन विकायला घरीच फोटो तयार करत असाल, तर हा धडा घाई न करता वाचा. सॉफ्टवेअर शिकवणारे भरपूर आहेत. मी दुकानदार आहे, त्यामुळे मी ते काउंटरच्या या बाजूनं सांगणार.

आधी माझी एक चूक सांगते.

दुकान सुरू होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. बीबीए झाले होते, मार्केटिंग आणि हिशोब येत होता, फोटोशॉप मात्र इकडे-तिकडे बघून उचललेलं. एक मावशी आल्या. त्यांच्या मिस्टरांचं वर्षश्राद्ध दहा-बारा दिवसांवर होतं. मोबाइलमध्ये मिस्टरांचा एकच बरा फोटो होता, पुतण्याच्या लग्नातला. फेटा बांधलेला, चेहऱ्यावर हसू. मागे मांडवाची झालर, लोकांची डोकी, कुणाचा तरी अर्धा हात. “मागचं सगळं काढा आणि हॉलमध्ये लावण्यासारखी मोठी फ्रेम करा,” म्हणाल्या.

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला, इरेझर उचललं आणि मागचं सगळं खोडून टाकलं. खाली निळसर बॅकग्राउंड टाकलं आणि जेपीजी म्हणून सेव्ह केलं. त्याच नावानं, मूळ फाइलवरच. मला वाटलं, झालं काम.

चार दिवसांनी मावशी प्रूफ बघायला आल्या. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “ताई, शेमला कुठं गेला?”

फेट्याचं मागून खांद्यावर सोडलेलं टोक. ते मागच्या झालरीच्या रंगात इतकं मिसळलं होतं की मला ते मांडवाचंच कापड वाटलं. मी खोडून टाकलं होतं. “त्या दिवशी तो मीच नीट करून खांद्यावर घेतला होता,” एवढंच त्या म्हणाल्या.

अंडू करायला फाइल कधीच बंद झाली होती. प्रोग्राम बंद केला की हिस्टरी जाते. म्हटलं, मावशी, मोबाइल द्या, परत फोटो घेते. तर मोबाइल त्याच आठवड्यात पाण्यात पडून बंद झालेला. “तुमच्याकडे दिलाय ना फोटो,” म्हणून त्या निर्धास्त होत्या. फ्रेम शेमल्याशिवायच गेली. मी पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतं?

यात माझ्या दोन चुका होत्या. मूळ फाइलवर सेव्ह केलं ही एक, आणि ती कोणालाही कळते. दुसरी चूक इरेझर वापरलं ही, आणि ती चूक आहे हे मला पुढे कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. आजचा धडा तिच्याबद्दल आहे.

कात्री आणि पडदा

खिडकीतून बाहेरचं काही दिसायला नको असेल तर आपण काय करतो? पडदा ओढतो. बाहेरचं झाड तोडत नाही. उद्या झाड बघावंसं वाटलं तर पडदा सरकवायचा, झाड जागेवरच आहे.

इरेझर म्हणजे झाड तोडणं. फोटोतले ते ठिपके, म्हणजे पिक्सेल, कायमचे गेले. लेअर मास्क म्हणजे पडदा. फोटो जसाच्या तसा पूर्ण आहे. त्यातलं काय दिसायचं आणि काय झाकायचं एवढंच मास्क ठरवतो. शेमला चुकून झाकला गेला असता तर पांढरा ब्रश दोनदा फिरवून मावशींच्या समोरच परत आणता आला असता. दहा सेकंदांचं काम.

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, हे तुम्हाला मागच्या धड्यापासून माहीत आहे. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले. पण मास्कची कल्पना कॉम्प्युटरपेक्षा जुनी आहे. तुमच्या गावात जुना स्क्रीन प्रिंटिंगवाला असेल तर त्याला लाल फिल्मबद्दल विचारा. पारदर्शक प्लास्टिकवर लाल थर असलेली ती फिल्म रुबिलिथ या नावानं मिळायची. ब्लेडनं हवा तो आकार कापून नको तेवढा लाल थर सोलून काढायचा. जिथं लाल राहिलं तिथून फिल्मला किंवा प्लेटला लागणारा उजेड जायचा नाही, आणि तरी कारागिराला आरपार दिसायचं. फोटोशॉपमध्ये क्विक मास्क केला की फोटोवर जो लाल थर दिसतो ना, तो तिथूनच आलाय. उगाच लाल नाहीये तो.

(‘मास्क’ म्हटलं की कोरोनातला मास्क आठवतो, असं बॅचमध्ये दर वेळी कुणीतरी म्हणतंच. चालेल, तसंच लक्षात ठेवा. मास्क लावला म्हणून नाक जात नाही, फक्त दिसत नाही.)

पांढरं दाखवतं, काळं झाकतं

मास्क हा स्वतः एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. तुमच्या फोटोच्याच मापाचा, त्याला चिकटलेला. मास्कवर जिथं पांढरा रंग आहे तिथं फोटो दिसतो. जिथं काळा आहे तिथं झाकला जातो. मधला राखाडी असेल तर फोटो अर्धवट दिसतो, झिरझिरीत पदरातून दिसावं तसा. साध्या आठ बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, म्हणजे झाकण्याच्याही तेवढ्या पायऱ्या तुमच्या हातात आहेत. इरेझरनं खोडताना ‘थोडं जास्त झालं’ असं वाटलं तर मागे यायला अंडूशिवाय काही नसतं. मास्कमध्ये रंग बदलायचा आणि परत फिरवायचं.

आता हात चालवू. सोपी वस्तू घ्या, ज्याच्या कडा स्पष्ट आहेत. मसाल्याचं पाकीट, स्टीलचा डबा, पुस्तक. पहिल्याच दिवशी केस मोकळे सोडलेल्या नवरीचा फोटो घेऊ नका, चिडचिड होईल आणि तुम्ही मास्क कायमचा सोडून द्याल.

फोटो उघडल्यावर तो बॅकग्राउंड नावाच्या लेअरमध्ये असतो आणि त्याला कुलूप असतं. कुलपावर क्लिक केलं की सुटतं. त्याच्याखाली पांढऱ्या रंगाचा एक लेअर टाका. आता वस्तू सिलेक्ट करा. ऑब्जेक्ट सिलेक्शन, क्विक सिलेक्शन, पेन, जे जमेल ते. सिलेक्शन अगदी परफेक्ट करत बसू नका, पुढे दुरुस्ती करायचीच आहे. मग लेअर पॅनेलच्या खालच्या पट्टीत चौकोनात गोल असलेलं चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा. वस्तूच्या मागचं सगळं गायब, आणि लेअरच्या छोट्या चित्राशेजारी दुसरं छोटं चित्र आलं. काळं, मध्ये वस्तूच्या आकाराचा पांढरा भाग. हाच मास्क.

फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं सुरुवातीला झेपत नसेल तर फोटोपिया वापरा. ब्राउझरमध्ये मोफत चालतं, फोटोशॉपच्या पीएसडी फाइल उघडतं आणि मास्कची पद्धत जवळजवळ तीच आहे. फक्त मेनूत त्याला रास्टर मास्क म्हणतात. गिम्प हेही मोफत आहे आणि त्यातही मास्क आहे. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून धंदा सुरू करू नका. व्हायरसनं गिऱ्हाइकांचे फोटो गेले की कुणाकुणाला तोंड देणार?

आता बी दाबून ब्रश घ्या. डी दाबलं की रंग काळा-पांढरा होतो, एक्स दाबलं की काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. चौकोनी कंसाच्या दोन कळांनी ब्रश लहान-मोठा होतो. डावा हात या कळांवर, उजवा माउसवर. जिथं जास्त कापलं गेलंय तिथं पांढरा फिरवा, वस्तू परत येईल. जिथं मागचं काही उरलंय तिथं काळा फिरवा. एक्स, फिरव, एक्स, फिरव. बस, एवढंच आहे. हा ताल एकदा बसला की पेन टॅबलेटशिवायही काम भागतं. मी पहिली दोन वर्षं साध्या माउसवर काढली.

एक गडबड मात्र प्रत्येकाची होते, अगदी प्रत्येकाची. काळा फिरवला की झाकलं जाण्याऐवजी फोटोवरच काळा पट्टा उमटतो. घाबरू नका. मास्कऐवजी फोटोचं छोटं चित्र निवडलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही चित्रांपैकी जे निवडलेलं असतं त्याच्याभोवती बारीक चौकट दिसते. अंडू करा, मास्कच्या चित्रावर क्लिक करा, पुन्हा फिरवा. ब्रश टेकवायच्या आधी चौकट कुठंय ते बघायची सवय लावा, स्कूटर काढायच्या आधी स्टँड बघतो तशी.

कडा, आणि कडांवरच्या मुंग्या

नवशिक्याचं आणि जाणकाराचं काम कडेवर ओळखू येतं. पाकीट, डबा, मोबाइल कव्हर यांच्या कडा कडक असतात, तिथं मऊ ब्रश फिरवला की वस्तू धुक्यातून आल्यासारखी दिसते. ब्रशचा हार्डनेस वाढवा. उलट लोकरीचं स्वेटर, केस, फेट्याच्या तुऱ्याची झालर यांना कडक ब्रश लावला की कागदी कात्रण वाटतं. एकाच फोटोत दोन्ही लागतात, खांद्याला कडक आणि केसांना मऊ. सगळीकडे एकच ब्रश फिरवणारा लगेच कळतो.

केसांसाठी सिलेक्ट अँड मास्क नावाची खिडकी आहे, तिच्यातला रिफाइन एज ब्रश केसांच्या कडेनं फिरवायचा. त्यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे, इथं खोलात जात नाही.

खरी अडचण वेगळीच असते. स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसतं आणि प्रिंट आली की शर्टवर बारीक ठिपके, पुसट डाग. हे कुठून आले? मास्कमधून. काळा फिरवताना मध्येमध्ये राखाडी जागा सुटतात. पांढऱ्या बॅकग्राउंडवर त्या डोळ्याला दिसत नाहीत. माझ्या दुकानातला मुलगा त्यांना मुंग्या म्हणतो. काळ्या टीशर्टवर डीटीएफ प्रिंट काढाल तर त्या लगेच दिसतील. तिथं रंगाच्या खाली पांढरी शाई मारली जाते, आणि जे अर्धवट झाकलेलं आहे त्याच्याखालीही थोडी पांढरी येते. कडेला मळकट रेघ दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं मशीन खराब आहे. मशीन बिचारं बरोबर असतं.

उपाय सोपा आहे. ऑल्ट दाबून मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा. फोटो बाजूला होऊन फक्त काळा-पांढरा मास्क मोठा दिसेल. मुंग्या तिथं लपू शकत नाहीत. काळ्यावर राखाडी ठिपके दिसले की काळा फिरवा, पांढऱ्यात भोकं दिसली की पांढरा. फारच पसरल्या असतील तर मास्क निवडून लेव्हल्स उघडा आणि दोन्ही टोकं थोडी आत सरकवा, म्हणजे काळपट राखाडी पूर्ण काळा होतो आणि पांढुरका पूर्ण पांढरा. पुन्हा ऑल्ट-क्लिक केलं की फोटो परत. शिफ्ट दाबून क्लिक केलं तर मास्कवर लाल फुली येते आणि मूळ फोटो पूर्ण दिसतो. आधी-नंतर ताडून बघायला हे फार उपयोगी आहे. मी तर गिऱ्हाइकासमोर मुद्दाम करते. काय काय झाकलंय हे त्याला दिसतं आणि ‘एवढ्याचे एवढे पैसे?’ हा प्रश्न तोंडातच राहतो.

ऑनलाइन विकणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. ॲमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोचं बॅकग्राउंड शुद्ध पांढरं लागतं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५. पांढऱ्या चादरीवर काढलेला फोटो डोळ्याला पांढरा वाटतो पण तो २२०-२३० असा कुठंतरी असतो. मास्क करून खाली खरा पांढरा लेअर टाकला की प्रश्न मिटला. आणि वस्तूची नैसर्गिक सावली थोडी ठेवावीशी वाटली तर सावलीवर मास्क राखाडी ठेवा. पूर्ण कापलेली वस्तू हवेत तरंगल्यासारखी दिसते.

रंग विकताना

आता जो भाग सांगतेय तो साडीवाल्यांसाठी, ड्रेस मटेरिअलवाल्यांसाठी, खणाच्या वस्तू करणाऱ्या सगळ्या ताईंसाठी. माझ्या मते मास्कचा सगळ्यांत मोठा उपयोग बॅकग्राउंड काढणं हा नाहीच. फोटोच्या एकाच भागावर काम करता येणं, हा आहे.

एक ताई घरून साड्या विकतात. दिवाळीच्या आधी चाळीसेक फोटो घेऊन आल्या. घरातल्या पिवळ्या बल्बखाली काढलेले. “जरा ब्राइट करा, चेहरा उजळ दिसू दे.” आमच्याकडच्या मुलानं सगळ्या फोटोला एकदम उजेड आणि रंग वाढवला. फोटो छान दिसायला लागले, ताई खूश. साड्या गेल्या आणि मग फोन सुरू झाले. फोटोत राणी कलर होता, आलाय तो वेगळाच. मोरपंखी म्हणून घेतली तर हिरवीच वाटते. काही साड्या परत आल्या. कुरिअर दोन्ही बाजूंनी त्यांच्या खिशातून गेलं. फोटो आम्ही केले होते, पण शिव्या त्यांनी खाल्ल्या.

चेहरा उजळ करायचा होता आणि आम्ही साडीचा रंग बदलला. ही चूक मास्क असता तर झालीच नसती.

पद्धत अशी. आधी पिवळेपणा काढायचा, पूर्ण फोटोचा. त्यासाठी साडीचं खरं कापड स्क्रीनशेजारी ठेवून रंग जुळवायचा, निदान एक-दोन साड्यांचा तरी. दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबच्या नाही. एकदा साडीचा रंग जुळला की त्याला हात लावायचा नाही. मग चेहऱ्यासाठी कर्व्ज किंवा ब्राइटनेसचा अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्यायचा. हा लेअर येतानाच मास्क घेऊन येतो, पांढरा. उजेड वाढवला की सगळ्या फोटोवर वाढतो. आता मास्क निवडून कंट्रोल आय दाबा, मास्क उलटा होतो, पूर्ण काळा. उजेड कुठेच दिसत नाही. मग मऊ पांढरा ब्रश घेऊन फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवा. साडी जशी होती तशी राहते.

जास्त झालं वाटलं तर लेअरची ओपॅसिटी कमी करा. ताई म्हणाल्या “हातावर नको, फक्त चेहऱ्यावर”, तर हातावर काळा फिरवा. त्याच प्रकाशात, त्याच जागी काढलेले पुढचे फोटो असतील तर तो अ‍ॅडजस्टमेंट लेअर त्यांच्यावर ओढून नेता येतो, मास्क तेवढा नव्यानं रंगवायचा. चाळीस फोटो चाळीस वेळा पहिल्यापासून करावे लागत नाहीत.

आणि हो, चेहरा उजळ म्हणजे गोरा नाही. सावली कमी करा, मॉडेलचा रंग बदलू नका. ते कपडे सावळ्या मुलीही विकत घेतात आणि त्यांना ते स्वतःवर कसे दिसतील हे बघायचं असतं.

“ताई, आता तर एका क्लिकवर होतं की”

हा प्रश्न दर बॅचला येतो. होतं, खरंच होतं. मी पण वापरते. फोटोशॉपमधलं रिमूव्ह बॅकग्राउंडचं बटण दाबा आणि लेअर पॅनेल बघा. त्यानं काय केलंय? मास्कच करून दिलाय. यंत्रालासुद्धा खोडायचं नाही हे कळतं. पहिला हात यंत्राला मारू द्या, वेळ वाचतो. पण यंत्राला शेमला म्हणजे काय ते माहीत नाही. नथीचा मोती, मंगळसूत्राच्या वाट्यांमधली फट, लहान बाळाच्या कपाळावरची विस्कटलेली बट, पैठणीच्या पदराचे गोंडे, हे ते हमखास खातं. ते परत आणायचं काम पांढऱ्या ब्रशचं, म्हणजे तुमचं. गिऱ्हाईक पैसे त्यासाठीच देतं. एका क्लिकचं काम ते घरी बसून मोबाइलवर करूच शकतं.

मोबाइलवरच्या काही ॲपमध्ये मात्र कापून झालेली पीएनजी हातात येते, मास्क नसतो. जे खाल्लं ते त्या फाइलमध्ये नाहीच. अशा वेळी मूळ फोटो खाली ठेवून त्यावर ती पीएनजी जुळवा, तिच्या आकाराचं सिलेक्शन घ्या आणि मूळ फोटोलाच मास्क लावा. आता मूळ फोटो आणि मास्क दोन्ही तुमच्याकडे आले. हे व्हिडिओत शेवटी दाखवलंय.

साखळीची गोष्ट

वाढदिवसाचे बॅनर, शाळेच्या गॅदरिंगचे मग, कंपनीचे आयकार्ड. यात एकच डिझाइन आणि फोटो बदलत जातात. लेअरच्या चित्राच्या आणि मास्कच्या मध्ये एक छोटी साखळी दिसते. साखळी असेपर्यंत फोटो हलवला की मास्कही हलतो. साखळीवर क्लिक करून ती काढली की मास्क जागेवर राहतो आणि फोटो त्याच्या आत सरकवता येतो, फ्रेमच्या मागून फोटो सरकवावा तसा. गोल चौकटीत बाळाचा चेहरा मध्यभागी आणायला यापेक्षा सोपं काही नाही.

फोटो टाकायच्या लेअरला आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवलं तर आणखी सोपं. आतला फोटो बदला, मास्क तसाच. गॅदरिंगच्या वेळी साठ मग आले तरी मुलगा एकटा करतो. सीझनच्या आधी पाच-सहा अशी टेम्प्लेट तयार ठेवा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दोन मिनिटांत स्वतःचा फोटो डिझाइनमध्ये बघितला की ऑर्डर पक्की व्हायला वेळ लागत नाही.

फाइल आणि पैसे

मास्क फक्त अशा फाइलमध्ये राहतो जिच्यात लेअर राहतात. पीएसडी ठेवा. जेपीजीत लेअरही नाहीत आणि पारदर्शकताही नाही. पीएनजीत पारदर्शकता आहे, पण फाइल सपाट होते, झाकलेलं परत मिळत नाही. गिऱ्हाइकाला जेपीजी द्या, प्रिंटरला लागेल ते द्या, पीएसडी दुकानात ठेवा. फोटोपियात काम करत असाल तर टॅब बंद करायच्या आधी पीएसडी स्वतःच्या कॉम्प्युटरवर सेव्ह करायला विसरू नका, नुसती टॅब बंद केली तर काम गेलं.

माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक फोल्डर असतं, नाव आणि तारीख घालून. त्यात ‘मूळ’ नावाचं आणखी एक फोल्डर. त्यातल्या फाइल फक्त कॉपी करायच्या, उघडून सेव्ह करायच्या नाहीत. हा नियम मी भिंतीवर लिहून ठेवलाय, आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी शेमल्याची गोष्ट सांगते. महिन्याच्या शेवटी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर जातं.

याचा दराशी थेट संबंध आहे. माझ्याकडे दोन दुरुस्त्या फुकट आहेत, तिसरीपासून पैसे. इरेझरच्या काळात मी हे म्हणूच शकत नव्हते, कारण एक दुरुस्ती म्हणजे अर्धा-पाऊण तास, सगळं पहिल्यापासून. आता बहुतेक दुरुस्त्या पाच मिनिटांच्या आत होतात, तेही गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना. म्हणून फुकट म्हणायला जड जात नाही. आणि सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक येऊन म्हणालं, “तोच फोटो, पण आता मागे पंढरपूरचं देऊळ टाका,” तर पीएसडी उघडायची, खालचा लेअर बदलायचा. कटिंगचे पैसे आपण मागच्या वेळी घेतलेत, या वेळी फक्त डिझाइन आणि प्रिंटचे घ्या. गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतं आणि आपला वेळही जात नाही.

सुरुवातीला दर ठरवताना ‘एका फोटोचे इतके’ असा एकच आकडा लावू नका. डबा आणि मोकळे केस यांत फरक आहे. कडा किती अवघड आहेत त्यावर दोन किंवा तीन दर ठेवा, आणि नमुन्याचे फोटो काउंटरवर लावा, म्हणजे घासाघीस कमी होते.

आता या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या कुणाचा तरी असा फोटो घ्या ज्यात पदर, ओढणी किंवा फेटा मागच्या रंगात मिसळलाय. मूळ फाइलची कॉपी करा. एका क्लिकचं बटण दाबा, मग ऑल्ट-क्लिक करून मुंग्या शोधा आणि साफ करा. यंत्रानं काय खाल्लंय ते त्या माणसालाच शेजारी बसवून विचारा, कारण त्याला जे दिसेल ते तुम्हाला दिसणार नाही. तो सांगेल ते पांढऱ्या ब्रशनं परत आणा. पीएसडी सेव्ह करा, कॉम्प्युटर बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा आणि एक नवीन दुरुस्ती करा. दुसऱ्या दिवशीची ती दुरुस्ती पाच मिनिटांत झाली तर मास्क तुम्हाला आला.

पुढच्या व्हिडिओत केस घेऊ. मोकळे, कुरळे आणि उन्हात काढलेले. तोपर्यंत एक्सच्या कळेवर बोट ठेवून सराव करा.